चार हजार फेऱ्यांचा षड्ज

पेटीवर काळी एक धरून गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण १३८.६ कंपनं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात. त्रैराशिक मांडलं की उत्तर मिळतं : मिनिटाला ४,१५८ फेऱ्या झाल्या की इंजिन काळी एकच्या षड्जावर गुणगुणू लागतं. घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये माझी मियाटा या आकड्यापाशी पोचते आणि डेकवर ख्याल चालू असेल तर गाडी आणि गवई क्षणभर एका सुरात येतात.

हमरस्त्याला लागलं की हे जुळलेलं सूत तुटतं. पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन ३,२०० फेऱ्यांवर असतं. तेव्हा त्याचा सूर १०७ कंपनांच्या आसपास येतो, म्हणजे मंद्र पंचम आणि कोमल धैवत यांच्या मधे कुठंतरी. त्यात छप्पर उघडं असलं की वाऱ्याचा घोंगाट. डग्गा ऐकूच येत नाही. तानपुऱ्याचा खर्ज नाहीसा होतो. तबल्याची चाट तेवढी टिकटिकत राहते आणि गाणाऱ्याचा आवाज शेजारच्या इमारतीतून आल्यासारखा पातळ होतो. आपण आवाज वाढवतो. चाट आणखी टोचते, डग्गा तरीही येत नाही.

स्पोर्ट्स कारमधली साउंड सिस्टिम सुधारायची तर आधी हे नीट समजून घ्यावं लागतं. दुकानात पाऊल टाकलं की सगळी चर्चा वॉटवर येते. मी दोन वर्षं शनिवार-रविवार खर्चून ज्या निष्कर्षाला आलो तो वेगळा आहे. आधी दार दुरुस्त करायचं, मग स्पीकर कानाजवळ आणायचा, आणि पॉवर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि कानही जातात.

गाडीविषयी थोडं सांगायला हवं. माझदाची एमएक्स-५, अमेरिकेत मियाटा, पहिल्यांदा लोकांनी पाहिली ती फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये. दोन माणसांची, छप्पर उघडणारी, १.६ लिटर इंजिनाची, ११६ अश्वशक्तीची आणि जेमतेम ९५० किलोची. सुरुवातीची किंमत १३,८०० डॉलर. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशा अर्थाचा एक जपानी शब्दप्रयोग, ‘जिनबा इत्ताई’, तिच्या रचनेमागे होता आणि तिच्या एक्झॉस्टच्या आवाजावर कंपनीच्या इंजिनिअरांनी मुद्दाम मेहनत घेतली होती. भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी विकली गेली नाही. माझी १९९२ची आहे, सॅन होजेमध्ये एका गृहस्थांकडून घेतलेली, काचा हाताने फिरवायच्या. पण पुढं जे सांगणार आहे त्यातलं बहुतेक सगळं पुण्यातल्या कुठल्याही हॅचबॅकलाही लागू पडतं. पत्रा, वारा आणि तांब्याची तार यांचे नियम सगळीकडे सारखेच.

शिकागोचा आणि गाडीतल्या संगीताचा संबंध त्याहून जुना आहे. १९३०मध्ये तिथल्या गॅल्व्हिन कंपनीने मोटारीत बसणारा, परवडेल असा रेडिओ तयार केला. रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन अटलांटिक सिटीला भरलं होतं. पॉल गॅल्व्हिन यांच्याकडे तिथं स्टॉल घ्यायला पैसे नव्हते. ते रेडिओ बसवलेली आपली गाडी घेऊन गेले, अधिवेशनाच्या जागेबाहेर उभी केली आणि आवाज वाढवला. ऑर्डरी मिळाल्या. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. पुढं कंपनीचंही तेच झालं. त्या काळातल्या रेडिओंना व्हॉल्व्ह लागत, व्हॉल्व्हना शेकड्यांत व्होल्टेज लागे, आणि गाडीची बॅटरी होती सहा व्होल्टची. हे अंतर कसं भरून काढायचं, हा प्रश्न तेव्हापासून मोटारीतल्या आवाजाच्या मुळाशी आहे. तो आजही तिथंच आहे, फक्त आकडे बदललेत.

ते आकडे पाहू. बाजारातल्या बहुतेक डेकवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : ५० वॉट गुणिले ४. ग्राहकाला वाटतं, चार स्पीकरना मिळून दोनशे वॉट मिळणार. हे ५० येतात कुठून? इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात असं धरा. स्पीकरचा रोध ४ ओहम. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध : १४.४ गुणिले १४.४ म्हणजे २०७, भागिले ४, आले सुमारे ५२. झाले ५० वॉट. पण हे खरं व्हायचं तर डेकने सतत, क्षणभरही खाली न येता, बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज स्पीकरवर आदळत राहायला हवं. म्हणजे लहरीचा डोंगर कापून सपाट पठार करायचं. त्याला संगीत म्हणत नाहीत. शुद्ध, गोलसर लहर काढायची तर याच हिशोबाने निम्मी पॉवर मिळते, सुमारे २६ वॉट. त्यातून आतल्या ट्रान्झिस्टरचा तोटा वजा केला की हातात येतात अठरा ते बावीस. डेकच्या पुस्तिकेत आरएमएस म्हणून बारीक अक्षरांत हाच आकडा छापलेला असतो. मला हे गणित फार मोलाचं वाटतं, कारण ते शाळेतल्या ओहमच्या नियमावर सुटतं आणि कुठल्याही विक्रेत्यासमोर उभं राहायला पुरतं.

आता उलट बाजू. वीस वॉटच्या जागी चाळीस आणले, तर आवाज दुप्पट होईल का? नाही. दुप्पट पॉवरने तीन डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम जाणवतील इतके. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. बंद सेडान गाडीत ताशी १०० किलोमीटरला आतला गोंगाट ६५ ते ७० डेसिबल असतो. उघड्या छपराच्या छोट्या गाडीत तोच ८५ ते ९०च्या घरात जातो. मधलं अंतर वीस डेसिबलचं. ते पॉवरने भरून काढायचं तर शंभरपट वॉट हवेत. कुठल्याही अँपला हे झेपणार नाही, आणि झेपलं तरी करू नये. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या शिफारशींत ८५ डेसिबल रोज आठ तास ही कानाची मर्यादा धरतात आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करतात. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. उघड्या गाडीत वाऱ्याच्या वर संगीत चढवू पाहणारा माणूस दर रविवारी ही मर्यादा ओलांडतो. कानातले गेलेले केस परत उगवत नाहीत. पुढच्या सगळ्या उपायांकडे मी याच एका कसोटीने पाहतो : आवाज न वाढवता जास्त ऐकू येतं का?

सगळ्यात जास्त फरक पडला तो दारात. म्हणून दाराविषयी सविस्तर लिहितो.

दाराचा आतला पॅनेल काढायचा तर आधी काच फिरवायचा दांडा काढावा लागतो. तो एका छोट्या तारेच्या क्लिपने अडकवलेला असतो, आणि ती क्लिप दिसत नाही. उपाय म्हणजे जुन्या सुती कापडाची पट्टी. ती दांड्यामागे घालायची आणि बुटाला पॉलिश करतात तशी दोन्ही टोकांनी डावी-उजवी ओढायची. कापडाचा धागा क्लिपला धरतो, ‘टिक्’ असा आवाज होतो आणि क्लिप उडते. ती पकडायला दुसरा हात तयार ठेवावा. पॅनेल निघाला की मागे जाड, धुरकट प्लास्टिकचा कागद दिसतो, काळ्या चिकट गोंदाने चिकटवलेला. तो हळूच सोडवला की दाराचा सांगाडा उघडा पडतो : वाटीएवढी, ताटाएवढी भोकं, त्यातून काच वर-खाली करणारी यंत्रणा, आणि एका कोपऱ्यात स्पीकर.

माझ्या गाडीतला जुना स्पीकर कागदी पडद्याचा होता. बोट लावताच कडेचा फोम भुगा होऊन मांडीवर पडला. तीस वर्षांचं ऊन, आणि छप्पर उघडं. पण खरा दोष स्पीकरमध्ये नव्हता, तो ज्यात बसवला होता त्या दारात होता. स्पीकरचा पडदा पुढं ढकलला जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. या दोन लहरी एकमेकींच्या बरोबर उलट असतात. मध्ये भिंत नसेल तर मागची लहर भोकांतून पुढं येते आणि पुढचीला खाऊन टाकते. बारीक सुरांच्या लहरी लहान असतात, त्यांना याचा फारसा त्रास होत नाही. खर्जाच्या लहरी लांबलचक असतात. ५० कंपनांची लहर जवळपास सात मीटरची. त्यांच्यासाठी हातभर अंतर म्हणजे काहीच नाही, त्या पूर्ण विरून जातात. डग्गा हरवतो तो इथं. वाऱ्याने त्याला बुडवायच्या आधीच दाराने गिळलेला असतो.

म्हणून दार बंद करायचं. मी दोन मिलिमीटर जाडीची, वर ॲल्युमिनियमचा वर्ख असलेली ब्यूटिलची चादर वापरली. पत्रा थिनरने पुसून घेतला, चादरीचे तुकडे कापले आणि छोट्या रबरी रोलरने दाबत बसवले. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूवर आधी. त्याआधी बोटाच्या पेराने टकटक केली की ‘टण्’ वाजायचं, नंतर ‘धप्’. पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. मधला चौथा हिस्सा जड केला तरी त्याचं वाजणं थांबतं. मग आतल्या बाजूची मोठी भोकं पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याने बंद केली, तेही स्क्रूने, कारण कधीतरी काच दुरुस्त करायला तिथं हात घालावा लागणार. दोन्ही दारांचं मिळून तीनेक किलो वजन वाढलं. ९५० किलोच्या गाडीत मी किलोकिलोचा विचार करतो, पण हे तीन किलो मला कधी जड वाटले नाहीत. दार लावल्यावर येणारा आवाजसुद्धा बदलला. पूर्वी डबा मिटल्यासारखा यायचा.

एक सावधगिरी मात्र जिवापाड पाळावी. काचेवर पडणारं पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं, हे सगळ्याच गाड्यांत होतं. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या तळाला छोट्या फटी ठेवलेल्या असतात. चादर चिकटवण्याच्या उत्साहात त्या बुजवल्या की दार आतून सडतं आणि वर्षभर कुणाला कळत नाही. स्पीकरखाली बसवायची कडीही एमडीएफची नको. ती पाणी पिऊन फुगते. जाड प्लास्टिक किंवा मरीन प्लाय वापरावा.

नवे स्पीकर निवडताना वॉटपेक्षा सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघावा, म्हणजे ठरावीक पॉवर दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात तो. ८७ आणि ९१ यांत फरक चारचाच दिसतो, पण ९१चा स्पीकर अडीचपट कमी पॉवरमध्ये तेवढाच वाजतो. कंपनीचे जुने कागदी स्पीकर हलके, म्हणून पुष्कळदा चांगले बोलके असतात. त्यांच्या जागी जड पडद्याचे महागडे स्पीकर लावून डेक तोच ठेवला की आवाज कमी झाल्यासारखा वाटतो, आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो.

बसवताना माझी एक चूक झाली. दोन्ही दारं झाली, गाडी चालू केली आणि खर्ज पहिल्यापेक्षा कमी. पुण्याला आतेभावाला फोन लावला. त्याने आयुष्यभर रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केलेत, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा.

“दादा, सगळं नवं लावलंय, तरी बेस नाही.”

“दोन्हीचं प्लस-मायनस तपासलंस?”

“रंग बघून लावलंय.”

“तीस वर्षांच्या गाडीत रंगावर काय जातोस? पेन्सिल सेल घे. डेकपाशी स्पीकरच्या वायरी सोडव, सेलचा प्लस प्लसला टेकव. पडदा बाहेर यायला पाहिजे. दोन्हीकडे बघ.”

दीड व्होल्टचा सेल लावला. डावा पडदा बाहेर आला, उजवा आत गेला. आधी कुणीतरी उजव्या दारातली वायर तोडून उलट जोडली होती. दोन पडदे एकमेकांविरुद्ध हलत होते. एक हवा दाबत होता, दुसरा ओढत होता. टोकं बदलली आणि डग्गा दारातून बाहेर आला.

दुसरा मोठा उपाय अंतराचा. उघड्या जागेत आवाजापासूनचं अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल मिळतात, फुकट. दारातला स्पीकर कानापासून साधारण पाऊण मीटरवर असतो. तोच १५ सेंटिमीटरवर आणला तर अंतर पाचपट कमी होतं आणि चौदा डेसिबलचा फायदा होतो. पॉवरने हे करायचं तर पंचवीसपट वॉट लागले असते. माझदाच्या लोकांना हे पहिल्यापासून माहीत होतं. पहिल्या पिढीच्या मियाटात जास्तीचे पैसे देऊन आसनाच्या डोक्यामागच्या भागातच छोटे स्पीकर मिळत. चौथ्या पिढीत बोसची नऊ स्पीकरची सिस्टिम मिळते, तिच्यातही दोन्ही आसनांच्या डोक्यापाशी स्पीकर आहेत. माझ्या साध्या गाडीत ते नव्हते. मी आसनांची कव्हरं मागून सोडवली आणि फोमच्या गाभ्यात, पुढून पुरेसा जाड थर राखून, छोटे स्पीकर बसवले. थर राखायचा तो अपघातासाठी. डोकं मागे आपटलं तर त्याच्या वाटेत कठीण वस्तू येता कामा नये. ही गोष्ट कितीतरी जण विसरतात.

यानंतर पॉवर. अँप म्हणजे मुळात त्या १९३०च्या दशकातल्या अडचणीचा आजचा तोडगा. तेव्हा व्हायब्रेटर नावाचा एक लोखंडी जिभेचा तुकडा गुणगुणत बॅटरीचा प्रवाह तोडत-जोडत असे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज चढवता यावं. आज तेच काम सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारे ट्रान्झिस्टर करतात. व्होल्टेज चढलं की डेकची ती २६ वॉटची भिंत उरत नाही. मी चार चॅनेलचा, प्रत्येकी ४५ वॉटचा, क्लास डी अँप घेतला, दीड किलोच्या आतला. वीसवरून पंचेचाळीस म्हणजे वाढ जेमतेम साडेतीन डेसिबल. मग घेतला कशासाठी? तबल्याची थाप, झांजेचा ठोका हे क्षणभराचे उंच कडे असतात. कमी ताकदीचा डेक ते कापतो, आणि कापलेली लहर कानाला कर्कश लागते. अँपमुळे आवाज फारसा वाढला नाही. त्याच आवाजात थाप मोकळी झाली.

मियाटाची बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात असते, आणि अँपसाठी हे वरदानच. बहुतेक गाड्यांत इंजिनापासून डिकीपर्यंत जाड वायर नेताना जीव मेटाकुटीला येतो. इथं हातभर वायरीत काम होतं. पण या कोपऱ्यातच मला सगळ्यात वाईट गोष्ट सापडली. गाडी माझ्याकडे येण्याआधी कुणीतरी इथं अँप लावून काढला होता. बॅटरीच्या प्लसवरून एक लाल वायर गालिच्याखाली गेलेली, टोकाला नुसती काळी टेप गुंडाळलेली, आणि टेपचा गोंद उन्हाने वितळून सुटलेला. फ्यूज नाही. ते टोक कधीही उघड्या पत्र्याला टेकलं असतं तर बॅटरीतला शेकडो अँपिअरचा प्रवाह त्या वायरीतून गेला असता आणि गालिचा पेटला असता. पेट्रोलची टाकी तिथून फार लांब नाही. फ्यूज अँपला वाचवायला असतो असा बऱ्याच जणांचा समज आहे. तो वायरीसाठी असतो, म्हणून त्याची जागा बॅटरीच्या शेजारी, फार तर दीड फुटाच्या आत. माझ्या अँपला ३० अँपिअरचा फ्यूज पुरतो आणि आठ गेजची, निव्वळ तांब्याची वायर. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर त्याच जाडीची, निम्म्या किमतीत मिळते. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याच्या साठ टक्क्यांनीच वाहते, त्यामुळे तिची छापील जाडी फसवी असते. टोक खरवडून पाहा, आत रुपेरी दिसलं तर परत करा.

अर्थिंगचा धडाही तिथंच मिळाला. इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून एक शीळ यायची, ॲक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढायचा. अल्टरनेटरचा आवाज संगीतात शिरत होता. दादाने फोनवर दुसरं काही विचारलंच नाही : “रंगावरच आवळलंस ना?” मी बोल्ट रंगवलेल्या पत्र्यावर आवळला होता. पॉलिशपेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत होईतो घासली, दातेरी वॉशर घालून आवळलं, वर गंज लागू नये म्हणून ग्रीस. सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीपासून वेगळी काढून गाडीच्या दुसऱ्या कडेने नेली. शीळ गेली.

मोठा सबवूफर मी लावला नाही. बंद गाडीत केबिन लहान आणि खर्जाची लहर लांब, त्यामुळे आतली हवा पंपाने भरल्यासारखी दाबली जाते आणि खर्ज आपसूक वाढतो. छप्पर उघडलं की ही मदत एका क्षणात संपते. बंद छपराला जुळवलेला सबवूफर उघड्यावर मुका वाटतो, उघड्यावर जुळवलेला बंद गाडीत डोकं उठवतो. शिवाय वजन बारा-पंधरा किलो, आणि जागा? डिकी आणि केबिन यांच्या मधे पत्रा आहे. आसनांमागच्या त्या पत्र्यामागे पेट्रोलची टाकी आहे. या गाडीत आसनांमागे ड्रिल किंवा लांब स्क्रू चालवू नये. हे लक्षात ठेवण्याइतकं महत्त्वाचं दुसरं काहीच नाही.

नव्या स्पोर्ट्स कारमध्ये हे प्रकरण वेगळ्या वळणावर गेलंय. २०००च्या दशकापासून अनेक जर्मन गाड्यांत डेक आणि अँप यांच्यात काचेच्या तंतूंतून माहिती धावते, तिथं नुसता डेक बदलता येत नाही. काही गाड्यांत इंजिनाचा आवाजच स्पीकरमधून सोडतात. २०११ची बीएमडब्ल्यू एम५ घ्या. तिथं स्पीकरला हात लावणं म्हणजे इंजिनाच्या आवाजाला हात लावणं. दुसऱ्या टोकाला १९८७ची फेरारी एफ४० आहे, तिच्यात कंपनीने रेडिओ दिलाच नाही. मला दोन्ही पटतात असं नाही, पण एफ४०मागचा विचार कळतो.

शेवटचं काम आवाजाची जागा ठरवण्याचं. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे हजाराव्या भागात ३४ सेंटिमीटर. डावीकडे बसणाऱ्या चालकाच्या कानापासून डावं दार ८० सेंटिमीटरवर, उजवं १३०वर. अर्ध्या मीटरच्या या फरकामुळे डावा आवाज दीड मिलिसेकंद आधी पोचतो. मेंदू आधी आलेल्या आवाजाला खरा मानतो, आणि गायक डाव्या दाराच्या खिशात जाऊन बसतो. छोटासा डीएसपी, म्हणजे आवाजाला हवा तेवढा उशीर घालणारी चिप, लावून डाव्या दाराला दीड मिलिसेकंद थांबवलं. मानेमागच्या स्पीकरना त्याहून जास्त थांबवावं लागलं, नाहीतर गायक मानगुटीवर बसतो. मोजपट्टीने अंतरं मोजून आकडे भरले, डोळे मिटले, आणि गायक स्टिअरिंगच्या पुढं, काचेवर, मध्यभागी उभा राहिला. डाव्या-उजव्याच्या पलीकडे, साधारण हातभर लांब.

बायको शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, “अरे, पण मला तर सगळं माझ्याच दारातून येतंय.” बरोबरच होतं. एका कानासाठी जुळवलं की दुसरा बिघडतो, दोन माणसांच्या गाडीत यातून सुटका नाही. म्हणून दोन सेटिंग ठेवली आहेत : एकटा असेन तेव्हा उशीर घातलेलं, दोघं असू तेव्हा उशीर काढलेलं. दुसरं जास्त वापरात असतं.

आता ताशी १०० किलोमीटरला, छप्पर उघडं ठेवून, आवाजाचं बटण पूर्वीपेक्षा दोन खुणा खाली असतं आणि डग्ग्याची मींड सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू येते. जुना कॅसेट रेडिओ, काढलेले कागदी स्पीकर आणि मूळ वायरीची टोकं एका खोक्यात भरून ठेवली आहेत. गाडी कधी दुसऱ्याकडे गेली तर तिच्याबरोबर जातील. सध्या नोव्हेंबरचे पाऊस सुरू झालेत. पहिला पाऊस थांबला त्या संध्याकाळी मी तांब्याभर पाणी डाव्या काचेवर ओतलं आणि खाली वाकून पाहिलं. दोन फटींतून पाणी गळत होतं, तिसरीतून नाही. टूथपिकने टोकरल्यावर ब्यूटिलचा काळा कण निघाला, आणि त्यामागून पाणी.